गुऱ्हाळावरची बाटली

मुलीच्या दुधाच्या बाटलीत मी काकवी घालत होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, दातांच्या डॉक्टरला तर नाहीच. मुळात बाटली होती हेच घरात कुणाला ठाऊक नाही.

माझं लग्न उशिरा झालं, मुलगी त्याहून उशिरा. पिंपळवंडीच्या शिवारात आमचं लहानसं गुऱ्हाळ आहे. बायको घोडेगावच्या पुढं, डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. ती सकाळच्या एसटीनं जायची, आई गोठा आणि रान बघायची, आणि दीड वर्षाची पोर माझ्याबरोबर गुऱ्हाळावर. बायको दूध भरून द्यायची, सोबत वाटी-चमचा. "बाटली नको, सवय लागते," असं तिनं आधीच बजावलं होतं.

गुऱ्हाळावर वाटी-चमच्याला सवड कुठली. काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाण धडधडत असतं आणि पोर नुकतीच चालायला लागलेली. झोळीतून उतरवली की ती नेमकी काहिलीकडंच निघायची. काहिलीत पडलेलं माणूस मी लहानपणी पाहिलंय, त्याबद्दल लिहीत नाही. पोर जागी असली की माझे हात कामात आणि जीव तिच्यात. शेवटी आळेफाट्यावरून एक बाटली आणली, दुधात काकवी मिसळली आणि झोळीत तिच्या हातात दिली. बाटली तोंडात धरूनच ती झोपली. किती दिवसांनी मी निवांत उभा राहिलो. मग रोज तेच.

काहिलीवर गूळ करणारा गुळव्या हसायचा. "भाऊ, पोरीला आत्तापास्नंच गुळाची पारख शिकवताय व्हय?"

"साखर थोडीच देतोय," मी म्हणायचो.

आमच्याकडं सगळे असंच धरून चालतात. साखर कारखान्याची, तिनं दात किडतात. काकवी घरची, तिनं रक्त वाढतं. मीही तेच मानत होतो. पण बायको यायच्या आत बाटली धुऊन इंजिनाच्या खोलीत फळीवर सरकवत होतो, हेही खरं. चांगलीच गोष्ट होती तर लपवत का होतो, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पोरीच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारख्या पांढऱ्या रेघा आधी मलाच दिसल्या. दूध चिकटलं असेल म्हणून बोटानं पुसल्या. निघाल्या नाहीत. पुढं त्या पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, आणि एका दाताची कड भाकरीसारखी तुटली.

"दुधाचे दात हायेत, पडायचेच हायेत," आई आधी म्हणाली. मग दुखायला लागल्यावर तिचा सूर बदलला. "दिवसभर नोकरी आन् रातभर पोर अंगावर. दात कुजणार न्हाईत तर काय व्हईल? आमी काय पोरं वाढवली न्हाईत?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

तिनं कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावला आणि पोरीला अंगावरून तोडलं. पोर फार रडली. दिवसा माझ्याकडं आली की आधीपेक्षा जास्त बाटली मागायची, आणि मी द्यायचो. तिची आई घरी चूक सुधारत होती आणि मी गुऱ्हाळावर ती वाढवत होतो.

मग एका सकाळी पोरीचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला, अंग तापलं. नारायणगावला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं ओठ उचलून आम्हाला हिरडीवरचा पुवाचा फोड दाखवला.

"पहिला दात दिसला की ओल्या फडक्यानं पुसायला लागायचं. मग लहान ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. कुणी सांगितलं नाही का?"

कुणी सांगितलं नव्हतं.

"बाटली तोंडात ठेवून झोपायची?"

"बाटली कधीच नाही," बायको म्हणाली. "मी रात्री अंगावर पाजत होते."

"नुसत्या आईच्या दुधानं सहसा इतकं होत नाही. वरून काही गोड? दुधात साखर?" या वेळी तिनं माझ्याकडं बघून विचारलं.

"साखर नाही," मी म्हणालो.

शब्द खरा होता. त्याच्याइतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

पुढचे दोन दात काढावे लागले. त्यांच्यावरच कायमच्या दातांचे अंकुर असतात, त्यांना धक्का पोचला का ते दात उगवतील तेव्हाच कळेल, असं डॉक्टर म्हणाली. परत येताना पोर आमच्या दोघांच्या मध्ये झोपलेली. बायको मागून म्हणाली, "माझ्यामुळं झालं हे." मी मोटरसायकल चालवत होतो. म्हणालो, "असू दे आता."

त्याच दिवशी बाटली चुलवाणात टाकली.

पोर आता दुसरीत आहे. मधली सगळी वर्षं तिला पोरं बोळकी म्हणत आली, ती तोंडावर हात धरून हसायला शिकली. मी रोज सकाळी दात घासून द्यायच्या निमित्तानं तिची हिरडी चाचपत असे. यंदा दात आले. त्यातल्या एकावर पिवळट तपकिरी डाग आहे, घासून न जाणारा. मोठी झाल्यावर झाकता येईल, असं डॉक्टर म्हणाली. बायकोनं तो डाग पाहिला आणि धुणं घेऊन मोरीत गेली.

हे इथं थांबलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पण धाकटा भाऊ खोडदला राहतो, त्याचं पोर वर्षाच्या आतलं. बायकोनं भावजयीला सांगून ठेवलं होतं, "रात्री अजिबात पाजू नको. माझ्या चुकीनं माझ्या पोरीचं काय झालं ते बघतेस ना?" भावजयीनं ऐकलं, लेकराला तोडलं. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तर लेकरू पाळण्यात, तोंडात बाटली, आणि बाटलीतलं दूध चहाच्या रंगाचं.

"तुमच्याच गुऱ्हाळाची काकवी हाय, भावजी," भावजय कौतुकानं म्हणाली. "साखर न्हाई घालत मी."

बाटली ओढून घेतली आणि मोरीत ओतली. लेकरू रडायला लागलं.

"काय झालं?"

"मुंग्या होत्या."

"बंद बाटलीत?" भावजय हसली. "भावजी, चष्मा बदला राव."

बायको हसली नाही. घरी येताना म्हणाली, "मुंग्या नव्हत्या." ती आता मी सांगायची वाट बघते आहे, हे तिच्या बोलण्यातून, न बोलण्यातून मला कळतं. तिकडं त्या लेकराला चार दात आलेत, आणि भावजय पुन्हा बाटली भरत असणार, कारण तिला कुणी काही सांगितलेलंच नाही.

आईचं दूध वाईट नव्हतं. पोरीचे दात मी घालवले. हे बायकोला, आईच्या आणि भावजयीच्या देखत, माझ्या तोंडानं सांगणं हे माझ्यावरचं देणं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.