चार नंबरचा व्हॉल्व्ह

पाण्याची नाडी माझ्या सासऱ्यांइतकी ओळखणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात नाही, आणि असलाच तर मामा ते कबूल करणार नाहीत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. चाकणकडच्या रानात जन्मभर फावडं घेऊन कांद्याला दारं धरलेले, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवलेले हे गृहस्थ सासूबाई गेल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे चिंचवडला आले, आणि सोसायटीच्या लॉनला पाणी देणाऱ्या, घड्याळ लावून विजेवर आपोआप उघडमिट होणाऱ्या व्हॉल्व्हांवर त्यांची नजर पडली. झालं! "घड्याळाला काय कळतंय, रान तहानलंय का न्हाई?" हा पहिला शेरा.

रोज चप्पल काढून ते लॉनवर फिरायचे. पायाला जिथं चिखल लागेल तिथला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, हे निदान. मग झाकण खोलून आतला रबरी पडदा काढायचा आणि आमच्या चहाच्या गाळणीत धुवायचा. त्यात सापडलेली वाळूची कणी तळहातावर घेऊन तिन्ही मजल्यांवर दाखवून आले. "एवढीशी हाय, पर सारं पाणी हिनंच वाया घातलं!" व्हॉल्व्ह उघडतच नसेल तर आडवं पडून त्याला कान लावायचा. 'टक्' ऐकू आलं तर "जीव हाय", नाहीतर "वायर उंदरानं खाल्ली". एकदा त्यांना असं पालथं पडलेलं पाहून शेजारच्या काकूंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. मामा उठले आणि ड्रायव्हरलाच व्हॉल्व्हचं दुखणं समजावत बसले.

पण होता होता सगळे व्हॉल्व्ह सुधारले, आणि मामांचं तोंड उतरलं. लेकीच्या घरी बापानं कारणाशिवाय राहू नये, हा त्यांचा बाणा. इतके दिवस गळती हे कारण होतं. "आता हितं माझं काय काम? सकाळच्या गाडीनं निघतो, पाव्हणं." बायको स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. गावच्या त्या रिकाम्या घरात ते एकटे काय करणार, या विचारानं माझाही जीव तुटत होता.

उजाडताच स्क्रूड्रायव्हर खिशात घालून मी खाली उतरलो. व्हॉल्व्हवरचा छोटा स्क्रू ढिला केला की पाणी थांबत नाही, हे मामांनीच मला शिकवलं होतं. बघतो तर चार नंबरच्या व्हॉल्व्हपाशी लॉन आधीच चिंब, आणि पिशवी बाजूला ठेवून मामा तिथं उकिडवे बसलेले. हात ओले.

"गळतोय वाटतं," मी म्हणालो.

"व्हय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "आता ह्याला असं टाकून कसं जायचं?"

"चहा टाकायला सांगतो," म्हणत मी त्यांची पिशवी उचलली.

"सांगा. आन् खिशातलं ते हत्यार ठिवून जा, दुरुस्तीला लागंल."

चार नंबर अजूनही अधूनमधून गळतो. देव करो आणि तो असाच गळत राहो.