चार नद्या आणि काजळीखालची पाचवी

"मॅडम, चारच हायत की! पाचवी कुठाय?"

घरमालक आबासाहेब खालून ओरडत होते. मी परांचीवर उताणी पडले होते. छत माझ्या नाकापासून हातभर.

"काजळीखाली आहे. दोन दिवस द्या," मी ठणकावून सांगितलं.

जुनी चित्रं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. कोल्हापुरातल्या एका सरदार घराण्याच्या दिवाणखान्याचं रंगवलेलं लाकडी छत माझ्याकडे आलं होतं. चार कोपऱ्यांत चार नद्या, बायकांच्या रूपात: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. प्रत्येकीच्या हातात तिरकी घागर, आणि सगळ्यांचं पाणी मधल्या गोलात एकत्र. ती पंचगंगा. कासारीच्या नाकात ठसठशीत नथ. भोगावती तर नुकतीच कुणाशी तरी भांडून आल्यासारखी. चित्रकार इथलाच असणार. पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर फिदा झाले.

पंचगंगा म्हणजे नद्या पाच. देवघराकडच्या बाजूला मात्र समई-धुपाची जाड काजळी होती. मी रिपोर्टमध्ये बेधडक लिहून टाकलं: पाचवी स्त्री काजळीखाली आहे.

पुढच्या आठवड्यात त्याच दिवाणखान्यात आबासाहेबांच्या तेजूची सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं.

"अपुऱ्या चित्राखाली माझ्या लेकीची सुपारी फोडायची न्हाय," आबासाहेब म्हणाले. "पाचवी गावली तर बरं. न्हाईतर सोमवारी पीओपीवाला येतोय."

पीओपी म्हणजे फॉल्स सीलिंग. खिळे थेट नद्यांच्या अंगात.

काजळी काढायची पद्धत साधी आहे, फक्त चिकाटी लागते. कापसाचा बोळा सॉल्व्हंटमध्ये भिजवायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा पुसायची, बोळा बघायचा. काळा झाला तर पुढे जायचं. रंग आला तर तिथंच थांबायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घागर निघाली. मी आनंदाने किंचाळलेच. मग पाण्याची धार निघाली. आता हात निघणार म्हणून पुसत राहिले, तर निळं आभाळ. आणखी पुसलं, आणखी आभाळ. बाई नव्हतीच. आधी कुणी पुसून टाकली की काय, म्हणून भिंगातून पाहिलं. मूळ रंग जसाच्या तसा होता. क्षणभर वाटलं, आपणच एक बाई रंगवून टाकावी. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात परांची बांधणारे निजामभाई नट आवळायला वर आले. ते प्रयाग चिखलीचे, म्हणजे नद्यांच्या संगमावरचेच.

"का गप बसलाय, मॅडम?"

"पाचवी बाई हरवलीय."

"कोण, सरस्वती?" ते खो खो हसायला लागले. "ती गुप्त हाय की! आमच्या संगमावर कुनालाबी इचारा, चारच नद्या दाखवत्यात. पाचवी येती, पर दिसत न्हाय. पानी काढलंया न्हवं? मग आनि काय पायजे?"

मी कपाळावर हात मारला. त्या पठ्ठ्या चित्रकाराने घागर काढली, पाणी काढलं आणि ओतणारीला मुद्दाम सोडून दिलं. चित्र पहिल्यापासून पुरं होतं! मला इतका आनंद झाला की मी त्या परांचीवर चक्क टाळ्या वाजवल्या.

"सरकार, वर या!" निजामभाईंनी हाक दिली.

आबासाहेब धापा टाकत शिडी चढले. निजामभाईंनी घागरीवर बोट ठेवून त्यांना गुप्त सरस्वती समजावली. त्यांनी डोळे पुसले आणि तिथूनच पीओपीवाल्याला मोबाइल लावला. "पावणं, सोमवारी येऊ नगा. आमचं छत पुरं हाय."

सुपारी त्याच छताखाली फुटली. आबासाहेबांनी निजामभाईंना स्वतःच्या हाताने फेटा बांधला. व्याह्यांना छत समजावून सांगायचं काम माझ्याऐवजी त्यांनाच मिळालं, आणि त्यांनी ते माझ्याहून झकास केलं.

मी रिपोर्ट दुरुस्त केला: पाचवी स्त्री नाही. गरजही नाही.

तेव्हापासून, चित्रात काय हरवलंय ते लिहिण्याआधी मी त्या भागातल्या एखाद्या माणसाला परांचीवर बोलावते. सॉल्व्हंटपेक्षा हे स्वस्त पडतं.