खुंटीवरची किल्ली

विंगकाकांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या विसरण्यावर निघाला. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. पडद्याआड विंगेत वही धरून उभं राहायचं आणि नट अडखळला की हळूच शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. रंगमंचावर वाघासारखे गरजणारे नट वाक्य विसरले की विंगेकडे असे बघत, की दया यावी. काकांचा एक नियम होता. पूर्ण वाक्य कधी द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. बाकीचं नट स्वतः उचलतो, प्रेक्षकांना पत्ता लागत नाही आणि माणसाची अब्रू राहते.

आता काका निवृत्त झाले होते, बायको गेल्यापासून एकटे राहत होते आणि थोडंफार विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचा, दूध गॅसवर ठेवून फोनवर गप्पा मारायच्या, इतपत. हे कोण करत नाही? पण लेकीला ते खपत नव्हतं. गाडीची किल्ली दुसऱ्यांदा हरवली तेव्हा तिने हातोडी घेतली आणि दाराच्या चौकटीला लागून एक खुंटी ठोकली. "बाबा, घरात पाऊल टाकलं की किल्ली इथे. कुठे ठेवली हा प्रश्नच नको." काकांनी मान डोलावली. तसं त्या किल्लीला काम असं नव्हतंच. ती खिशात असली की गाडी आपोआप उघडायची आणि बटण दाबलं की सुरू व्हायची. काकांना हा प्रकार पहिल्यापासून पटला नव्हता. कुलूप उघडताना हाताला काही कळायला नको का?

एका दुपारी डुलकी काढून काका उठले, खुंटीवरून किल्ली घेतली, दार उघडलं आणि पाहतात तो काय, फाटकाबाहेर गाडीच नाही!

ते परत आत आले. रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, हातातल्या किल्लीकडे पाहिलं, आणि मघाशी नीट दिसलं नसेल म्हणून पुन्हा बाहेर गेले. रस्त्यावर काचेचा तुकडा नव्हता. गाडीने केकाटून गल्ली गोळा केली नव्हती. किल्ली घरात आणि गाडी पसार, हे होईल कसं? काकांना एकच उत्तर सुचलं. गाडी आपणच कुठेतरी नेली, तिथेच सोडली आणि चालत घरी आलो.

चोर असता तर त्याच्या नावाने बोंब ठोकता आली असती, पण स्वतःच्या डोक्याची तक्रार कुणाकडे करायची? ते बाजारात हिंडले, वाचनालयापाशी डोकावले. न्हाव्याला त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काय हो, आज सकाळी मी इथे गाडी घेऊन आलो होतो का?" न्हाव्याने हातातली कात्री खाली ठेवली. "काका, बसा जरा. पाणी देऊ?" काका पाणी प्यायले आणि घरी जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला.

संध्याकाळी लेक धावत आली आणि त्यांना चौकीवर घेऊन गेली. हवालदाराने विचारलं, "दोन्ही किल्ल्या आहेत?"

"आहेत. एक बाबांकडे, एक माझ्याकडे."

"काच फुटल्याचा आवाज वगैरे?"

"नाही."

हवालदार लिहिता लिहिता थांबला आणि त्याने काकांकडे फार मायेने पाहिलं. ती माया काकांना थप्पडीसारखी लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी सापडली. कुठे? नाटकाच्या थिएटरमागच्या गल्लीत, ज्या दारातून काका जन्मभर आत गेले त्या दारासमोर, भिंतीला लावून व्यवस्थित उभी. कुलूपही लावलेलं नव्हतं. आता कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. म्हातारा जुन्या सवयीने कामावर गेला, कुलूप लावायला विसरला आणि गाडी आणली होती हेही विसरला. लेक रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त काकांची बॅग भरली आणि दाराशी आणून ठेवली. "बाबा, आता तुम्ही माझ्याकडेच राहायचं. आणि गाडी बंद."

"मला काहीच आठवत नाही गं," काका म्हणाले. पण न आठवणं हाच तर आरोप होता. त्यांचं त्यांनाच ते पटत चाललं होतं. थिएटरची पायरी, दारावरची कडी डोळ्यांपुढे येत होती, आणि ती कालची की वीस वर्षांपूर्वीची, हे काही केल्या ठरत नव्हतं.

हवालदारासोबत दोघं गल्लीत गेली. किल्ली लेकीच्या हातात देताना काका थबकले. "एवढी घरापर्यंत मी नेतो. शेवटची."

ती हो म्हणाली. काका आत बसले आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"अगं, ब्रेकला पाय पोचत नाही."

काका मूर्ती लहान. सीट पार पुढे ओढून आणि पाठीशी उशी घेऊन ते गाडी चालवत. सीट आता शेवटपर्यंत मागे सरकलेली होती आणि उशी मागच्या बाजूला खाली पडली होती. हवालदार वाकून बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरची माया एकदम गेली.

"घरी किल्ली कुठे ठेवता, काका?"

"दाराजवळ. खुंटीवर."

मग काकांच्या घरासमोरच्या घराच्या कॅमेऱ्यात सगळं सापडलं. भर दुपारी दोघं जण आले होते. एक जण पिशवी छातीशी धरून काकांच्या दाराला अगदी खेटून उभा होता. पिशवीतलं यंत्र खुंटीवरच्या किल्लीचा सिग्नल पकडून गाडीजवळच्या उंच माणसाकडे पोचवत होतं. गाडी बिचारी समजली, मालकच आला. कुणी माग काढत येतंय का ते बघायला असे चोर गाडी एक-दोन दिवस निवांत गल्लीत सोडतात, असं हवालदार म्हणाला.

"म्हणजे चोरी झाली?" काकांनी विचारलं.

"झालीच की."

"खरंच चोरी झाली!" काकांनी हवालदाराला मिठी मारली. लुटला गेलेला माणूस इतका आनंदलेला त्याने नोकरीत पाहिला नसावा.

लेकीने घरी येऊन सगळ्यात आधी खुंटी उपटली. "मीच ठोकली होती," ती म्हणाली आणि रडायला लागली. काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सिग्नल बाहेर जाऊ नये म्हणून किल्ली आता दारापासून लांब, पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवायची होती. मग ती बॅगेतले कपडे कपाटात परत लावत बसली.

सकाळी दोघांची गाडी घेऊन निघायची वेळ झाली. काका स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते. फळीवर डब्यांची रांग होती. त्यांनी एक उघडला, मग दुसरा. हात तिसऱ्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती नजर काकांनी आयुष्यभर विंगेतून पाहिली होती. दुसऱ्यांची.

लेक दारात पाठमोरी चप्पल घालत होती. तिने मान वळवली नाही. हळूच, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतकंच म्हणाली, "आईचा..."

"...शिवणाचा डबा!" काका खणखणीत आवाजात म्हणाले आणि आतल्या खोलीकडे निघाले.