आलेखातली तुटक रेघ

आत्याने पाठवलेला शर्यतीचा व्हिडिओ तुम्ही दोघांनी पाहिलात आणि फोनवर मला विचारलंत, "आजी, गियर कधी बदलायचा तो आकडा तूच काढलास ना?" हो, मीच काढला. पण तो व्हिडिओ शेवटच्या रेषेवर संपतो. त्यापुढचंही तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून क्रमाने लिहिते.

आत्याचं गॅरेज कोल्हारला, मनमाड रस्त्यालाच लागून आहे, हे तुम्हाला आठवत असेल. तिच्याकडे तिसगावचे एक मिस्त्री आहेत. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. दोघांनी ती जुनी लाल गाडी पुण्याला नेऊन मशीनवर तपासून आणली. आल्या आल्या आत्याने एक कागद माझ्यापुढे टाकला. इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर किती जोर देतं, याची ती यादी होती.

"आई, मी गियर कानाने बदलते, म्हणून सगळे हसतात. तू आयुष्यभर फिजिक्स शिकवलंस ना? मग दे आकडा काढून."

काम माझ्या आवडीचं होतं. फेरे वाढत गेले की एका मर्यादेनंतर इंजिनाचा जोर उतरू लागतो. वरचा गियर टाकला की फेरे एकदम खाली येतात. तिथे इंजिनात जोर भरपूर असतो, पण वरचा गियर तो चाकांपर्यंत कमी पोचवतो. तेव्हा दोन्ही गियरमध्ये चाकांची ओढ जिथे सारखी होते, तिथेच गियर बदलायचा. त्याआधी बदलला तरी वेळ जातो आणि त्यापुढे ताणला तरी जातो. मी आलेखाच्या कागदावर यादीतले आकडे ठिपक्यांनी मांडून प्रत्येक गियरची रेषा काढली. त्या जिथे छेदतील तिथे उत्तर.

त्या छेदल्याच नाहीत. यादी साडेसहा हजारांवर संपली होती आणि कागदाची उजवी बाजू कोरी राहिली होती. वर्गात मी कुणाचा अर्धवट आलेख कधी चालवून घेतला नव्हता. रेषा ज्या वळणाने उतरत होती त्याच वळणाने मी ती पुढे नेली, तुटक. छेद मिळाला: दुसऱ्या गियरला सात हजार दोनशे. मी तो लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या. आत्याने गाडीतल्या फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर नेमकी तिथे पांढरी खूण केली.

शर्यत जामखेडच्या अलीकडे होती. नव्या रस्त्याचा एक सरळ तुकडा अजून वाहतुकीला उघडला नव्हता. तिथे परवानगी काढून दुपारी गाड्या जोडीजोडीने सोडत होते. आत्याच्या शेजारी उभा राहणारा गाडीवाला काच खाली करून ओरडला, "ताई, डिकीतलं दळण काढलं का?"

"तुझंच टाकलंय," आत्या म्हणाली. "पीठ करून आणते."

लोक हसले, मीही हसले. चाचा माझ्याजवळ, गाडी आणलेल्या टेम्पोच्या सावलीत उभे होते. ते मात्र हसले नाहीत.

"बाई, सात हजार दोनशे म्हंजी लई वर हुतं."

"आलेख तसं सांगतो, चाचा."

"आलेखाला कुठनं कळलं? मशीनवर मीच बसल्तो. साडेसहाला मी पाय काढला. वरच्या अंगाला आवाज बारीक येत हुता, मला आवडला न्हाई. त्याच्या पुढं मी गेलोच न्हाई, बाई."

यादी तिथे का संपली, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मला वाटलं होतं, कागद संपला असेल. माझा आकडा साडेसहाच्या पलीकडचा होता, आणि पलीकडे माझ्या पेन्सिलीशिवाय काहीही नव्हतं.

मी रस्त्याकडे निघाले. दोरीपाशी एका स्वयंसेवकाने हात आडवा धरला. "आजी, मागं व्हा. गाड्या सुटत्यात."

"तिला एकच शब्द सांगायचाय."

"आता न्हाई ऐकू येणार, आजी."

मी हात वर करून हलवला. हेल्मेट घातलेल्या आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरचे हात उचलून नमस्कार केला. तिला वाटलं, आई आशीर्वाद देतेय.

गाड्या सुटल्या. पहिला गियर गेला. दुसऱ्यात आवाज चढत राहिला. आता बदलेल, आता बदलेल असं वाटत असताना तो आणखी चढला. शेवटी त्यात एक बारीक खुळखुळ मिसळली, स्टीलच्या डब्यात स्क्रू हलवावेत तशी. चाचांनी डोळे मिटले. मग गियर बदलला, आणि लाल गाडी पुढे गेली.

ती जिंकली, हे तुम्ही पाहिलंत. रेषेपलीकडे इंजिन फुटलं, तेल मागच्या चाकांखाली आलं, गाडी आडवी फिरत मुरमाच्या ढिगाला टेकली. दार उघडेपर्यंत किती वेळ गेला, ते मला सांगता येणार नाही. आत्या उतरली, हेल्मेट काढलं आणि चालत आली. खरचटलंसुद्धा नव्हतं.

परतताना टेम्पोत मी तिला तुटक रेघेचं सांगितलं. नगर मागे पडल्यावर ती म्हणाली, "माझ्या वहीत असली रेघ दिसली असती तर तू पान फाडलं असतंस."

"फाडलं असतं."

"म्हणजे तुझ्याकडे पुढचे ठिपके नव्हते, एवढंच ना?"

"तू साडेसहाला गियर बदल. मला ठिपके नकोत."

"मला हवेत," ती म्हणाली.

गाडीत दुसरं इंजिन बसलंय. उद्या सकाळी ती पुण्याला निघतेय. चाचांनी यायला नकार दिला, तेव्हा मशीनवर पाय तीच देणार. साडेसात हजारांपर्यंत नेते, म्हणजे तुला अंदाजाने रेघ ओढायला नको, असं मघाशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगून गेली. मी दोनदा नको म्हटलं. तिने मला आलेखाचा कोरा कागद काढून ठेवायला सांगितलंय. मी अजून कपाट उघडलेलं नाही.