प्रत्येक घरी पाव किलो जास्त

आधीच हात जोडतो. आठवीतच शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील. सांभाळून घ्या. खरं तर चहा पिता पिता सांगायची ही गोष्ट, पण चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहितो. एकदाच उघडलं होतं. आणि काय उघडलं हो, काय सांगू!

आमचं गाव अड्याळजवळ. आम्ही तलावात मासे धरणारे. मी बाजारात बसून विकतो. बॅटरीचा काटा सुरू करायचा, शून्य दिसलं की त्यावर ओल्या पोत्याचा तुकडा अंथरायचा आणि वर मासे ठेवायचे. मासे घसरत नाहीत, वाळत नाहीत. बाबा असंच करायचे, मीही करतो. भाव सांगतानाही मी लाजतो, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "पोट्टा इमानदार हाये." माझी सगळी इस्टेट म्हणजे हे नाव.

आमच्या मच्छीमार संस्थेची निवडणूक चार दिवसांवर आली होती. अध्यक्ष मनोहरभाऊ पुन्हा उभे होते. भाषणात इमानदारीशिवाय दुसरा शब्द नाही, आणि मागच्या खेपेला याच माणसानं मतांसाठी घरोघरी स्टीलचे डबे वाटलेले! माझं डोकं तेव्हापासून तापलेलं.

त्या दिवशी सकाळी तलावात जाळं पडलं. भाऊंनी संस्थेच्या काट्यावर प्रत्येक घराला पाच-पाच किलो रोहू तोलून दिले. मी मनात म्हटलं, हा माणूस पाच सांगून साडेचारच देणार! घरी आलो आणि माझ्या काट्यावर टाकले.

सव्वापाच!

पुन्हा टाकले. पुन्हा सव्वापाच! पुढारी आणि जास्त देतो? कशासाठी देईल? मतासाठी!

काटा काखेत मारला, पोत्याचा तुकडा खांद्यावर टाकला आणि शेजारच्या गोपाळकाकांकडे गेलो. त्यांचा वाटाही सव्वापाच. पुढच्या घरीही सव्वापाच. सात घरं फिरलो, कुठे एका शेपटीचा फरक नाही! बघा तुम्हीच, बेइमानी करावी तीसुद्धा किती मोजूनमापून!

"काकाजी, हे लाच होय लाच! मतासाठी देली भाऊनं!"

"मंग?" गोपाळकाका म्हणाले. "जास्त आलं तं खाय ना बे चुपचाप! बोंबलतं कायले?"

आतून काकी ओरडली, "त्याले म्हना, वापस करायचं असन तं आपल्या घरचं कर! आमची कढई चढली."

सातही घरी हेच. पुढाऱ्यांना शिव्या घालणारी हीच माणसं, आणि पाव किलोसाठी विकली गेली? मला तर जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सभा भरली. शेतकऱ्यांच्या घरची माणसंही ऐकायला आली होती. त्यात शेवंतामावशी होती. तिची धानाची शेती तलावाखालीच, आणि दर आठवड्याला किलोभर रोहू घेते ती माझ्याकडूनच.

भाऊ उभे राहिले. "आपल्या राजकारनात एकच गोष्ट. इमानदारी!"

आणि मी उठलो.

"भाऊ, खोटं बोलून राहिले तुम्ही! घरोघरी पाव किलो जास्त वाटून मतं घेऊन राहिले!"

"कोन म्हनते?"

"माहा काटा म्हनते!"

"आन मंग तुहा काटा."

मी पळत जाऊन आणला, सुरू केला आणि शून्य दिसताच नेहमीसारखं पोतं अंथरलं. भाऊंनी एक रोहू संस्थेच्या काट्यावर ठेवला. एक किलो. तोच उचलून माझ्या काट्यावर ठेवला. सव्वा किलो!

"पाहा!" मी ओरडलो. "पाहा सगळ्यायनं! भाऊचा काटा कमी दाखवते!"

भाऊंनी मासा उचलून घेतला. काट्यावर नुसतं पोतं राहिलं.

पाव किलो.

मग शेवंतामावशी उठली.

"म्हंजे बापा, तीन वर्सं मी दर आठवड्याले पाव किलो पोतं शिजवून राहिली काय गा? इमानदार म्हनून दुसऱ्याकडं गेली नाही ना मी!"

"बेइमान!" कोण ओरडलं माहीत आहे? गोपाळकाका!

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, लहान हाये. पन आता समजलं ना, मत कोनाले द्याचं?"

टाळ्या! डबे वाटणारा माणूस माझ्या पोत्यावर निवडून येणार होता! चीड कोणाची यावी हेच मला कळेना. भाऊंची? गोपाळकाकांची? की त्या काट्यावर रोज पोतं अंथरणाऱ्या इमानदाराची?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं कुंपणावर फेकलं. नुसत्या काट्यावर ताजे मासे तोलले आणि शेवंतामावशीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मावशी, हे किलोभर घ्या. पैसे नको."

तिनं टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तोलून आनले काय?"

"हो मावशी. बरोब्बर एक किलो."

"कोनत्या काट्यावर?"

टोपली उचलली, खाली मान घालून सरळ मनोहरभाऊंच्या घरी गेलो आणि म्हटलं, "भाऊ, तुमचा काटा जरा देता का?"