विहिरीतला नववा बार

ज्वालामुखीवर संशोधन करतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चंदेरी झगा घालून लाव्ह्याच्या काठावर उभा राहिलेला माणूस येतो. मी पंचवीस वर्षं विहिरीत उतरतोय. बालाघाटच्या डोंगरातला लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड होऊन काळा दगड झाला. तो थरावर थर कसा साचला हे बघायचं, तर कुणीतरी डोंगर उभा कापून दाखवायला हवा, आणि आमच्या पाटोद्याच्या बाजूला तो कापतो विहीर खोदणारा. बायको म्हणते, "एक जिवंत ज्वालामुखी बघितला नाही, आणि पगार मात्र दर महिन्याला." खरंय. धोका काय असतो ते मी पुस्तकातच वाचलं होतं, थोरल्या भावाच्या विहिरीपर्यंत.

दादा गावीच असतो, शेती बघतो. त्या उन्हाळ्यात त्यानं नवी विहीर घेतली. चाळीस फुटांखाली लाल माती दिसायला लागली असा त्याचा फोन आला आणि मी धावत गेलो. दोन काळ्या थरांमध्ये अशी लाल माती सापडली, तर लाव्हा मध्ये काही काळ थांबला होता असं समजायचं. त्या मातीवरच माझा अर्धवट निबंध अडला होता. ताजी, कुणी न हाताळलेली माती मला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतायचंही होतं, कारण विद्यापीठात बैठक होती.

विहीर खोदणारा मिस्त्री पन्नाशीचा, बारीक चणीचा. या धंद्यात त्याचे कान अर्धे गेलेले. खडकात भोकं पाडायची, त्यात दारू ठासून बार भरायचे, वातींना विस्तव लावायचा आणि क्रेनला टांगलेल्या लोखंडी ढोलात बसून वर यायचं, ही सगळी कामं तो स्वतः करी. पण बार किती उडाले हे त्याला धड ऐकू येत नसे. म्हणून त्याचा एक नियम होता. दोघांनी विहिरीच्या दोन बाजूंना उभं राहून, एकमेकांशी न बोलता बार मोजायचे. मग दोघांनी एकदम आकडा सांगायचा. आकडे जुळले आणि भरलेल्या बारांइतके भरले, तरच खाली उतरायचं. नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीत कुणी पाय ठेवायचा नाही.

एरवी त्याची बायको आणि दादा मोजत. त्या दुपारी मी हौसेनं पुढे झालो. "मी मोजतो की! माझं आयुष्यच मोजमापात गेलंय."

मिस्त्रीची बायको म्हणाली, "मोजा बापा. मी तवर बांधावर जाऊन भाकरी टाकते."

नऊ बार भरले होते. मिस्त्री वर आला, "बार! बार!" ओरडला आणि बाकीचे ट्रॉलीआड झाले. दादा विहिरीच्या पलीकडे, अलीकडे मी वही उघडून उभा राहिलो. प्रत्येक बाराला एक रेघ. पहिला, दुसरा, तिसरा. पायाखालची जमीन हादरत होती. पाचव्याबरोबर विहिरीच्या तोंडातून लाल धूळ वर आली आणि माझं लक्ष तिच्यावर गेलं. तरी रेघा मी ओढत होतो. सातवा जरा मोठा वाटला. आठवा. मग काहीच नाही.

वहीत आठ रेघा होत्या.

नववा येईल म्हणून मी थांबलो. आला नाही. मग डोक्यातला विद्वान जागा झाला. सातवा मोठा होता, म्हणजे दोन एकदम उडाले असणार. शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे. आठ म्हटलं तर आज उतरणं बंद, लाल माती गेली, बैठक मात्र उरली. मी सातवी रेघ गिरवून जाड केली.

"बोला," मिस्त्री म्हणाला.

"नऊ," मी म्हणालो.

दादा अर्धा क्षण मागे राहिला. "नऊच," तो म्हणाला.

धूर निवळायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात खरं सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो.

आधी मिस्त्री उतरणार आणि सगळं नीट आहे म्हणाला की मग मी, असं ठरलं होतं. तो पहार घेऊन ढोलात बसला, क्रेनचं इंजिन धडधडू लागलं आणि ढोल खाली गेला. मी काठावर पालथा पडून बघत होतो. धूळ बसली होती. तळ सगळीकडे खचून दगडांचा चुरा झाला होता. फक्त मावळतीच्या कोपऱ्यात उंचवटा होता. वरून चुरा पडून झाकलेला, पण उंच. तिथला खडक फुटलाच नव्हता. आकडा मी खोटा सांगितला होता, पण खडक बघणं तर माझा धंदाच. आणि मिस्त्री पहार घेऊन त्याच कोपऱ्याकडे निघाला होता.

"मिस्त्री!" मी ओरडलो. इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यानं पहार उचलली.

मी उठून क्रेनवाल्याकडे धावलो. "बंद कर!"

"कावून? त्यो खाली हाय की."

"बंद कर बे!" आयुष्यात परक्या माणसाला मी पहिल्यांदाच बे म्हटलं.

इंजिन थांबलं. मी काठाशी येऊन दोन्ही हात तोंडाशी धरले. "मिस्त्री, पहार मारू नका! आठच उडालेत! एक तिथंच आहे, मावळतीला, तुमच्या पायाशी!"

मिस्त्रीची बायको बांधावरून धावत आली आणि क्रेनच्या दोराला हात लावून उभी राहिली. तिच्या बोटांना पीठ होतं.

खाली मिस्त्री थिजला होता. मग त्यानं पहार हळूच खाली घेतली. टाकली नाही, ठेवली. एकेक पाऊल चाचपत मागे आला, ढोलात बसला आणि हात वर केला. इंजिन पुन्हा सुरू झालं. ढोल चाळीस फूट वर यायला जो वेळ लागला, त्यात मी दादाच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

मिस्त्रीनं वर येऊन तोंड पुसलं. "साहेब, किती ऐकलते तुमी?"

"आठ."

"मंग नऊ कावून म्हनलात?"

मी वहीतली जाड केलेली रेघ त्याला दाखवली. दादा म्हणाला, "मलाबी आठच वाटलते. पण ह्यो दगडातला डाक्टर नऊ म्हनला, म्हणून मी बी म्हनलो."

मिस्त्रीच्या बायकोनं दोघांकडे बघितलं. "लई शिकलेले हायती," एवढंच म्हणाली आणि भाकरी करपली म्हणून परत गेली.

सकाळच्या गाडीनं मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात पाणी ओतून ओतून मिस्त्रीनं चुरा हातानं उपसला. एक वात अर्ध्यावर विझलेली निघाली. खालची दारू जशीच्या तशी होती. तो दिवसभर एकटाच खाली होता.

तिसऱ्या दिवशी सात बार भरले. मी लांब बाभळीखाली जाऊन बसलो, तर मिस्त्रीनं हाक मारली. "या साहेब, मोजायला."

"मी नको."

"तुमीच पाहिजे. दुसरी बाजू ही बघंल." त्यानं बायकोकडे बोट दाखवलं.

आम्ही समोरासमोर उभे राहिलो. बार उडाले. मला सहा ऐकू आले. पुन्हा पुन्हा मनात मोजून बघितले, सहाच.

"बोला."

"सहा," मी म्हणालो.

"सात," ती म्हणाली.

मिस्त्रीनं क्रेनवाल्याला नको म्हणून हात केला. इंजिन सुरूच झालं नाही. दादा चडफडला. "दिस गेला की सगळा! अन् हिचा आकडा कदी चुकलाय का?"

"उद्या बघू, मालक," मिस्त्री म्हणाला आणि सावलीत आडवा झाला.

सकाळी उतरून बघितलं तर सातही उडाले होते; दोन जवळजवळ एकदम गेले असणार.

"म्या सांगितलं नव्हतं?" मिस्त्रीची बायको हसली. दादानं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. संध्याकाळच्या बारांसाठी मिस्त्रीनं मात्र मला पुन्हा तिच्यासमोरच उभं केलं.