सव्वीस आट्यांचा नट

आमच्या दादाच्या पायावर कुणी पाय दिला, तर दादाच आधी माफी मागेल. असा माणूस. पण लेथ मशीनवर उभा राहिला की हात असा चालतो की बघत राहावं. घराच्या मागच्या खोलीत तो जुन्या मोटरसायकली दुरुस्त करतो. त्यांचे नट-बोल्ट आता कुठे मिळत नाहीत, कारण त्यांचे आटेच वेगळे. तसले आटे पाडणं कारखान्यांनी कधीच सोडलं. मग लोक दादाचं दार ठोठावतात. खोली एवढीशी, की लेथला लांब सळई लावली की तिचं टोक दारासमोर येतं आणि काम संपेपर्यंत आतला माणूस आतच.

हे काम त्याला बाबांनी शिकवलं. बाबा पाच वर्षांपासून अंथरुणाला खिळलेत, नजरही गेलीय, पण हुकूमत शाबूत आहे. दादाने नट केला की आत नेऊन त्यांच्या हातात द्यायचा. बाबा करंगळीचं नख आतल्या आट्यांवरून फिरवणार आणि "चालेल" किंवा "टाकून दे" म्हणणार. टाकलेला नट डब्यात जातो. तो पुन्हा कुठे लावून बघायचा नाही, अशी घरची रीत. बाबांचं नख चुकू शकतं हे आमच्या कधी मनातही आलं नाही.

गेल्या वर्षी दादाला दुसऱ्या शहरातल्या एका शाळेत मुलांना लेथ शिकवायची नोकरी लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःहून अर्ज केला होता, तोही मला पत्ता लागू न देता. पत्र दाखवताना त्याचे कान लाल झाले होते. एक तारखेला हजर व्हायचं होतं. बाबा म्हणाले, "जा की! माझी गाडी तेवढी उभी करून दे, मग जा."

बाबांची गाडी तीस वर्षं कोपऱ्यात धूळ खात पडली होती. दादाने दोन महिन्यांत ती उभी केली. राहिला मागच्या चाकाच्या आसाचा, म्हणजे अ‍ॅक्सलचा एक नट, इंचात सव्वीस आट्यांचा. दादाने केला. बाबांनी नख फिरवलं. "टाकून दे." दुसरा केला. "टाकून दे." असे सात झाले आणि हातात चार दिवस उरले.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, कामावर जाता जाता रोज डोकावते. त्या सकाळी माझं डोकंच फिरलं. दादा बाबांना अंघोळ घालत होता. मी दुकानातून त्याच मापाचा नवा नट आणून सरळ अ‍ॅक्सलवर चढवला. तीन फेरे सुखाने गेला, मग घट्ट झाला. मला वाटलं, नवा आहे, बसेल. पान्याला पाइप अडकवून अंगाचा सगळा भार टाकला. करकर आवाज झाला, आणि नट पुढेही जाईना, मागेही येईना; दुकानातल्या नटाचे आटे वेगळे होते. अ‍ॅक्सलचे आटे गेले. दादा ओल्या हातांनी धावत आला, बघितलं आणि म्हणाला, "असू दे." नवा अ‍ॅक्सल त्याच सव्वीस आट्यांचा करायला तीन आठवडे गेले. शाळेने दुसरा माणूस घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अ‍ॅक्सल तयार झाला त्या दिवशी मी टेबल आवरत होते. डब्यातला एक नट हाताला लागला. काय मनात आलं कोण जाणे, मी तो अ‍ॅक्सलवर लावला. नुसत्या बोटाने फिरवला, शेवटपर्यंत गेला. दुसराही गेला. सातही गेले. त्या दिवशी दुकानात जाण्याऐवजी मी हा डबा उघडला असता, तर दादा आज शाळेत असता.

"दादा, हे सगळे बरोबर आहेत!"

"पहिलाच बरोबर होता," दादा कानस मारता मारता म्हणाला.

"तुला माहीत होतं? मग नट लावायचास आणि निघायचंस! किती घाबरायचं माणसाने? ते तुला अडकवून ठेवतायत, आणि तू..."

"हळू बोल. ऐकतात ते."

"ऐकू देत!"

दादाने कानस खाली ठेवली. "काल शाळेचा फोन होता. आणखी एक जागा निघालीय. मी गेलो तर बाबांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. तू नेशील त्यांना?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. माझं दोन खोल्यांचं घर, माझी नोकरी, आमच्या सासूबाईंचे गुडघे, सगळं माझ्या ओठांवर आलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

"बघू," मी म्हणाले.

आतून बाबांची हाक आली. "झाला का रे नट?"

"होतोय, बाबा." दादाने कोपऱ्यातली लांब सळई उचलली आणि लेथला लावू लागला. तिचं टोक दाराशी यायच्या आत मी पर्स उचलून बाहेर पडले.